जुना फोन विकताना इतरांची अमानत विकू नका

“बंद मोबाईल, फुटका मोबाईल द्या, टब घ्या!” अशी हाळी आता आपल्या वस्त्यांतून नेहमी ऐकू येते. डिस्प्ले गेलेला फोन अम्मी कपाटातून काढून फेरीवाल्याला देतात आणि घरात प्लास्टिकचा टब येतो. फोन सुरूच होत नाही, म्हणजे त्यात काही उरले नाही, असा सगळ्यांचा समज असतो. पण डिस्प्ले वेगळा आणि माहिती साठवणारी चिप वेगळी. नवा डिस्प्ले बसवला की सगळे पूर्वीसारखे समोर येते. त्यात आपल्या घरातल्या बऱ्याच फोनना लॉक नसते आणि असले तर ते १२३४ असते.

मागच्या वर्षी मी माझा जुना फोन विकायला काढला आणि आधी गॅलरी चाळली. माझे स्वतःचे फोटो थोडेच होते. बाकी सगळे इतरांचे होते. शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्यायला मुलांनी पाठवलेली आधार कार्डे, उत्पन्नाचे दाखले, पासबुकाची पहिली पाने. एका आपांच्या पोटगीच्या दाव्याचे कागद, जे त्यांनी फक्त वकिलांना दाखवायला दिले होते. सामाजिक काम करणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाच्या फोनमध्ये असेच काही असणार. आपला फोन हा आपल्या एकट्याचा नसतो. त्यात अनेकांची अमानत असते.

ती चुकीच्या हाती पडली तर काय होते, हे आपल्या समाजातल्या मुलींनी सोसले आहे. जानेवारी २०२२ मध्ये ‘बुल्ली बाई’ नावाच्या ॲपवर मुस्लिम महिलांचे फोटो ‘लिलावासाठी’ मांडले गेले. ते फोटो समाजमाध्यमांवरून उचललेले होते. जुन्या फोनमध्ये तर आपल्या बहिणींनी कुठेच न टाकलेले फोटो असतात.

“पण मी सगळे डिलीट केले होते,” असे अनेक जण सांगतात. डिलीट करणे म्हणजे पुस्तकातले अनुक्रमणिकेचे पान फाडणे. धडे आतच राहतात, त्यांच्या जागी नवे काही लिहिले जाईपर्यंत. २०१५ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २१ सेकंडहँड अँड्रॉइड फोन तपासले, तेव्हा रिसेट करूनही त्यांतून जुनी माहिती परत मिळवता आली होती. आजच्या बहुतेक फोनमध्ये माहिती कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्टेड असते आणि फॅक्टरी रिसेट केल्यावर त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते. म्हणून आजच्या फोनवर रिसेट हा खात्रीचा उपाय आहे, मात्र तो योग्य क्रमाने करावा लागतो.

आधी बॅकअप घ्या आणि तो नव्या फोनवर उघडतो का, ते पाहा. यूपीआय आणि बँकेची ॲप नव्या फोनवर सुरू करून जुन्यावरून काढा. लॉगिनचे कोड देणारे ऑथेंटिकेटर ॲप विसरू नका; ते हलवण्याआधी रिसेट केला तर आपल्याच खात्याबाहेर आपण अडकतो. व्हॉट्सॲप नव्या फोनवर नोंदवा. मग सिम आणि मेमरी कार्ड काढा, कारण रिसेट केल्याने कार्ड पुसले जाईलच असे नाही. त्यानंतर गुगल खाते काढा. आयफोन असेल तर ‘फाइंड माय’ बंद करा. हे राहिले तर फोन तुमच्या खात्याशी बांधलेलाच राहतो आणि घेणाऱ्याला तो वापरता येत नाही. शेवटी सेटिंगमधून फॅक्टरी रिसेट करा आणि नव्या फोनवरून गुगल खात्यातल्या उपकरणांच्या यादीत जुना फोन दिसत नाही ना, तेही पाहा.

बंद पडलेला फोन रिसेट करता येत नाही. जमले तर डिस्प्ले दुरुस्त करून आधी तो पुसा. ते शक्य नसेल तर फेरीवाल्याला न देता अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्या. हातोड्याने फोडू नका. आतल्या लिथियम बॅटरीला आग लागू शकते.

फोनबरोबर नंबरही बदलत असाल तर आधी बँक, आधार आणि ईमेलमध्ये नवा नंबर नोंदवा. बंद केलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो आणि मग तुमचे ओटीपी त्याच्याकडे जातील.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. हा हक्क आपण सरकारकडे आणि कंपन्यांकडे मागतो, आणि मागायलाच हवा. मात्र २०२३ चा डेटा संरक्षण कायदा व्यक्तीच्या खासगी आणि घरगुती वापराला लागू होत नाही. म्हणजे मैत्रिणीचा फोटो किंवा शेजाऱ्याचे आधार कार्ड आपल्या फोनमध्ये असेल, तर ते जपायला आपल्याला बहुधा कुणी सक्ती करणार नाही. ती जबाबदारी आपणच ओळखायची आहे.

काम झाले की इतरांची कागदपत्रे लगेच पुसायची सवय लावून घेऊ या. आणि येत्या रविवारी एक तास काढून घरातले जुने फोन बाहेर काढा. अम्मी-अब्बूंच्या शेजारी बसा, काय ठेवायचे आणि काय पुसायचे ते त्यांना विचारा आणि त्यांच्यासमोरच रिसेट करा. मग टब खुशाल घ्या.