विरोधकांचे आभार

चार माणसे एका कामाला लागली की मतभेद हे व्हायचेच. शाळेचे हस्तलिखित काढायचे ठरले, तरी मुखपृष्ठ कसे असावे यावरून दोन तट पडतात. त्यात खेद मानण्याचे कारण नाही. खेदाची गोष्ट ही, की वाद मुखपृष्ठाचा असतो आणि पाहता पाहता तो चित्र काढणाऱ्याच्या अकलेवर घसरतो. मग मुखपृष्ठ बाजूस राहते व अबोला तेवढा मागे उरतो.

भारताची राज्यघटना ज्या सभेत घडली, तेथे मतभेदांना तोटा नव्हता. ९ डिसेंबर १९४६ रोजी ही सभा प्रथम भरली आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी तिने घटना स्वीकारली. मसुद्यावर साडेसात हजारांहून अधिक दुरुस्त्या आल्या. त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. त्यांना उत्तरे देण्याचा मुख्य भार मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यावर होता.

प्रा. के. टी. शहा यांनी १५ नोव्हेंबर १९४८ रोजी अशी दुरुस्ती मांडली, की घटनेच्या पहिल्याच कलमात भारताला धर्मनिरपेक्ष, संघीय व समाजवादी म्हणावे. डॉ. आंबेडकरांना ती मान्य नव्हती. समाजाची घडी कशी बसवावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवावे. घटनेने आजच ते ठरवून टाकल्यास लोकांचे स्वातंत्र्य हिरावले जाईल, असे त्यांनी सांगितले. शिवाय समाजवादी विचाराची काही तत्त्वे मसुद्यात आधीच आली आहेत, हेही त्यांनी दाखवून दिले. दुरुस्ती फेटाळली गेली. पण उत्तर सूचनेला दिले गेले, सुचविणाऱ्याच्या योग्यतेला नव्हे. पुढे १९७६ साली धर्मनिरपेक्ष व समाजवादी हे शब्द घटनेच्या सरनाम्यात आले. सभेत हरलेले मत कायमचेच निकालात निघते, असे समजू नये ते यासाठी.

प्रत्येक सूचनेला असे सविस्तर उत्तर मिळाले, असे मात्र नाही. पुष्कळदा ‘मान्य नाही’ एवढ्यावरच विषय संपे, आणि सभासद नाराजही होत. परस्परांविषयी आदर राखणे म्हणजे सदा गोड बोलणे नव्हे. आपले म्हणणे स्पष्ट सांगावे, दुसऱ्याचे पुरते ऐकावे आणि निर्णय झाल्यावर पुन्हा कामाला लागावे, एवढे साधले तरी पुष्कळ झाले. यांतले दुसरे सर्वांत कठीण; कारण दुसरा बोलत असता आपण बहुधा आपलेच उत्तर जुळवीत असतो.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी, काम संपत आले असता, डॉ. आंबेडकरांनी सभेतील या बंडखोरांची नावे घेऊन त्यांचे आभार मानले. सर्वांनी पक्षाची शिस्त काटेकोर पाळली असती, तर ही सभा केवळ माना डोलावणाऱ्यांची झाली असती, असे ते म्हणाले. या मंडळींनी शंका काढल्या नसत्या, तर घटनेमागील तत्त्वे उलगडून सांगण्याची संधीही आपल्याला मिळाली नसती, अशी कबुली त्यांनी दिली. त्या नावांत ह. वि. कामत होते, पंजाबराव देशमुख होते, आणि ज्यांची दुरुस्ती वर्षभरापूर्वी फेटाळली गेली होती, ते प्रा. शहाही होते.