पॉझिटिव्ह राहा म्हणे!

लॉकडाऊनमध्ये आम्हा शिक्षकांना मानसिक आरोग्यावरच्या एका वेबिनारला बसवलं होतं. स्लाइडवर लिहिलं होतं : पॉझिटिव्ह राहा, बातम्या कमी बघा, छंद जोपासा. ज्या शब्दाच्या रिपोर्टने गल्लीला पत्रे ठोकले जात होते, तोच शब्द औषध म्हणून!

बातम्या कमी बघायच्या, कबूल. पण बातमीत आपणच असलो तर? मार्च २०२० च्या अखेरीस निजामुद्दीन मरकजचं प्रकरण झालं आणि विषाणूला धर्म चिकटला. त्या काळात एवढी माणसं एकत्र राहणं चूकच होतं, हे मी आमच्या लोकांतही बोललो. पण फळवाल्याचं नाव विचारून त्याला गल्लीतून हाकलणं ही कुठली खबरदारी? पुढे ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले. त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याची शक्यताही नोंदवली. तोवर पाच महिने आम्ही साधं खोकायलाही घाबरलो. ही भीती कोणत्या छंदाने जाते?

३० मार्चला मुंबई महापालिकेने आदेश काढला : कोविडने गेलेल्या प्रत्येकाचं, धर्म कोणताही असो, दहनच होईल. अशा मृतांचं दहनच करावं लागतं हा गैरसमज आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेने सहाच दिवस आधी सांगितलं होतं. आदेश त्याच दिवशी मागे घेतला गेला. पण तेवढ्यात तो व्हॉट्सॲपवरून आमच्या घरी पोचला होता. आईने विचारलं, "मेरेकू भी जलाएंगे क्या रे?" आदेश मागे घेतल्याचं मी तिला चारदा सांगितलं. पाचव्यांदा तिने तेच विचारलं.

आता आपल्या घरातलं बोलू. आपल्याकडे वेबिनारची जागा 'सब्र करो'ने घेतली. रडलं की ईमान कच्चं, झोप लागत नाही म्हटलं की नमाज वाढवा. सब्र म्हणजे तोंड दाबणं, हे कुणी शिकवलं? हजरत खदीजा आणि अबू तालिब ज्या वर्षी गेले, त्या वर्षाला आपल्या इतिहासात 'आमुल हुज्न', दुःखाचं वर्ष, असंच नाव आहे. मुलगा इब्राहीम गेला तेव्हा पैगंबर साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मिलादच्या जलशात हे आपण ऐकतो आणि घरी येऊन पोराला गप्प करतो.

ऑक्टोबर २०२१ मध्ये शाळा उघडल्या. आठवीतल्या एका मुलाचे अब्बा दुसऱ्या लाटेत गेले होते. मय्यतीला चौघे, ताजियतला कुणी नाही. रडलास का, विचारलं. म्हणाला, "नही सर. अम्मी बोली, रोनेसे अब्बाकू तकलीफ होती." मी त्याला इब्राहीमचा किस्सा सांगितला. पूर्ण तास गेला, मराठीची कविता राहिली.

समुपदेशक? तोही या मुलांची भाषा जाणणारा? आमच्या शाळेत नव्हता, आजही नाही. दरम्यान सेतू अभ्यासक्रम झाला होता, मुलं किती गणित विसरली ते चाचण्या घेऊन मोजलं होतं. मला भरायला दिलेल्या तक्त्यात घरातलं कोण गेलं, याचा रकाना नव्हता. तो मी पट्टीने आखला आणि भरला.

विहित नमुन्यात नाही म्हणून तक्ता परत आला.