चोर सोडून संन्याशाला फाशी

कॉम्प्युटर मध्येच बंद पडू लागला की आपल्याकडे तीन आरोपी ठरलेले असतात. व्हायरस, विंडोज आणि तो चालवणारा माणूस. गेल्या आठवड्यात स्वस्तात आणून बसवलेला नवा भाग मात्र साळसूदपणे बाजूला उभा असतो. नवा आहे, तो कसा बिघडेल, हा आपला समज. माझं मत उलट आहे. कालपर्यंत नीट चालणारं यंत्र आज अडखळत असेल, तर आधी नव्या भरतीची हजेरी घ्या.

राजस्थानच्या वाळवंटातल्या एका पोस्टिंगमध्ये जवानांसाठी एक कॉम्प्युटर ठेवलेला होता. मुलांचे शाळाप्रवेशाचे अर्ज, रेल्वेचं रिझर्व्हेशन, बँकेची कामं, सगळं त्यावर. त्यात नवी रॅम आणि नवा एसएमपीएस बसला, दोन्ही बाजारातल्या सर्वांत कमी भावाचे. आठवडाभरात भर दुपारी तो आपोआप रीस्टार्ट होऊ लागला. "साहब, वायरस है," असा निकाल लगेच आला. विंडोज दोनदा नव्याने टाकलं. मग जनरेटरवर खापर फुटलं. शेवटी बोलणी खाल्ली ती त्या खोलीची जबाबदारी असलेल्या नाईकाने. त्याच सुमारास एका जवानाच्या मुलीचा अर्ज शेवटच्या दिवशी दोनदा अर्ध्यात उडाला. त्याने तो रात्री वाळूच्या टेकाडावर चढून, सिग्नल शोधत, मोबाईलवर भरला.

खरं तर यंत्र स्वतःच साक्ष देत असतं. निळा पडदा येतो, दर वेळी वेगळाच एरर दिसतो, तेव्हा रॅमवर संशय घ्यावा. पडदा न येता, दिव्याचं बटण दाबल्यासारखा कॉम्प्युटर एकदम विझतो, तेव्हा वीजपुरवठा किंवा तापमान पाहावं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद दिसली की लोक कारण सापडलं म्हणून खूश होतात. पण ती नोंद एवढंच सांगते की यंत्र रीतसर बंद झालं नाही. का, ते सांगत नाही.

आमच्याकडे दोन भाग एकाच वेळी बदलले होते, म्हणून दोघांची चौकशी वेगवेगळी केली. जुना एसएमपीएस परत लावला, नवी रॅम तशीच ठेवली. रीस्टार्ट थांबले. रॅमला विंडोज मेमरी डायग्नॉस्टिकच्या चाचणीवर रात्रभर चालवलं, एकही चूक निघाली नाही. ती निर्दोष सुटली. स्वस्त म्हणजे गुन्हेगारच, असं मी म्हणत नाही. पण एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर चोर कधीच सापडत नाही.

दुपारीच का, याचंही उत्तर आहे. एसएमपीएसमधल्या कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंश तापमानवाढीला साधारण निम्मं होतं. चांगले कपॅसिटर १०५ अंशांचे असतात, स्वस्तात बहुधा ८५ चे घालतात. बाहेर पारा ४५ वर असताना डब्याच्या आत काय होत असेल, याचा विचार करा. वर लेबलावर वॅट कितीही छापता येतात. बारा व्होल्टची लाइन ११.४ च्या खाली गेली की मर्यादा ओलांडली. मात्र हा डबा घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आत विजेचा साठा राहतो.

रॅम सदोष असती तर प्रकरण याहून वाईट झालं असतं. बंद पडणारा भाग निदान ओरडून सांगतो. सदोष रॅम गुपचूप फायली बिघडवते आणि ते महिन्यांनी कळतं.

स्वस्त खरेदीवर माझा खरा राग इथे आहे. वाचलेले पैसे खरेदी करणाऱ्याच्या हिशेबात दिसतात. त्या जवानाची रात्र आणि नाईकाने खाल्लेली बोलणी कुठल्याच रजिस्टरमध्ये दिसत नाहीत. किंमत मोजतो तो दुसराच, आणि बहुतेकदा सर्वांत खालच्या रँकचा.

निवृत्त मित्रांनो, तुमची पेन्शन आता 'स्पर्श'वर आहे आणि हयातीचा दाखलाही ऑनलाइन देता येतो. नोव्हेंबरात घरचा कॉम्प्युटर दगा देऊ लागला तर नातवाच्या गेम्सना शिव्या देण्याआधी आठवा, अलीकडे आत काय नवं बसवलं? ते काढा, जुनं लावा, दोन दिवस चालवून बघा. आणि पुढच्या खेपेला दुकानदाराला भाव विचारण्याआधी विचारा, "पक्कं बिल देणार का, आणि वॉरंटी किती वर्षांची?" तो गडबडला, तर तिथून बाहेर पडा.