विश्लेषण : गावातला वाय-फाय सारखा बंद-चालू का होतो? दोष नेटचा की लाइटचा?

सेवा केंद्रात दाखल्यांसाठी रांग लागलेली, अर्ज अर्धा भरलेला आणि भिंतीवरच्या वाय-फायच्या डबीचे दिवे एकदम विझतात. दोन मिनिटांत डबी पुन्हा सुरू होते. अर्ज मात्र पहिल्यापासून भरावा लागतो. ‘नेट गेले’ म्हणून तक्रार होते. पण फायबर तुटली तर डबी विझत नाही, फक्त इंटरनेट थांबते. डबीच रीस्टार्ट होत असेल, तर दोष बहुधा जवळच असतो.

हा प्रश्न महत्त्वाचा का?

गावोगावी फायबर नेण्याच्या योजनेला केंद्राने २०११ मध्ये मंजुरी दिली. पुढे तिचे नाव भारतनेट झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित कार्यक्रमासाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. हिंगोलीसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात सातबारा, पीकविमा, ई-केवायसी अशी कामे ऑनलाइन झाली आहेत. विम्याच्या शेवटच्या दिवशी शेवटच्या दहा फुटांवरचा ॲडॉप्टर दगा देत असेल, तर कोट्यवधींची फायबर काय कामाची?

लाइटचा संबंध कसा?

ॲडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले असते. म्हणजे रब्बीत डीपीवर मोटारींचा भार वाढून बल्ब मंदावला तरी चांगला ॲडॉप्टर तग धरतो. त्रास होतो तो क्षणभराच्या झटक्यांनी. लाइट जाऊन इन्व्हर्टर सुरू होईपर्यंत सेकंदाचा काही भाग जातो. पंख्याला तो जाणवत नाही, डबीला जाणवतो. अनेक इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ मोडचे बटण असते. ते सुरू केले की हा अवधी कमी होतो. साधे काम, पण कुणी सांगतच नाही.

दुसरा संशयित जुना ॲडॉप्टर. त्यातले कपॅसिटर उष्णतेने कमजोर होतात. मोकळ्या वेळी डबी चालते. वीस मोबाइल जोडले की ती जास्त वीज ओढते, व्होल्टेज खाली येते आणि ती रीस्टार्ट होते. गर्दीतच वाय-फाय जातो, त्याचे एक कारण हे. नवा ॲडॉप्टर घेताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त.

छतावरच्या डबीला नेटवर्क केबलमधूनच वीज जात असेल, तर केबल तपासावी. मर्यादा १०० मीटरची आहे. स्वस्त केबलमध्ये तांब्याचा फक्त मुलामा असतो, आत ॲल्युमिनियम. तिच्यात वीज जास्त वाया जाते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली डबी तापते, तो भाग वेगळाच.

नेमका दोष कसा ओळखायचा?

डबीच्या सेटिंगमध्ये ‘अपटाइम’ दिसतो. तो काही मिनिटांचाच असेल, तर डबी खरोखर रीस्टार्ट झाली. अपटाइम दहा दिवसांचा असूनही नेट जात असेल, तरच कंपनीला फोन करावा. अनेक डब्यांतली नोंदवही रीस्टार्टनंतर पुसली जाते, म्हणून वेळ वहीत लिहून ठेवलेली बरी. दुपारीच घडते, गर्दीत घडते की लाइट जाताना, हे आठवडाभरात कळते. यांपैकी काहीच जुळत नसेल आणि डबी ठरावीक तासांनीच बंद पडत असेल, तर मेमरी भरत असण्याची शक्यता असते. तेव्हा फर्मवेअर अपडेट करून पाहावे.