ऐकीव वंशावळ हा पुरावा नव्हे

१९५६ साली आपण जात टाकली. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या. परंतु त्या मिळविण्यासाठी पूर्वजांची जातनोंद दाखवावीच लागते. म्हणून आपल्या नगर जिल्ह्यातील बांधव भावकीतील कोणाची तरी वंशावळ मागून आणतात, तीत आपले नाव जोडतात व शपथपत्रावर सही करतात. वकील या नात्याने असे कागद मी नित्य पाहतो. ही चाल घातक आहे.

एका कागदाच्या दहा नकला म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत. मूळची चूकच दहा घरी पोचते. जुन्या कोतवाल-बुकात आडनाव नसून ‘धोंड्या महार’ एवढेच आढळते. एका गावात असे धोंड्या अनेक असू शकतात. बापाचे नाव, गाव व साल जुळल्यावाचून त्यांतला एक आपला आजा मानणे हे धाडस होय.

पुराव्याच्या कायद्यात नात्याविषयीचे मृत नातलगाचे विधान वाद उपस्थित होण्यापूर्वीचे असावे लागते. जातपडताळणीच्या अधिनियमान्वये सिद्धतेचा भार अर्जदारावरच आहे. दावा फेटाळला गेल्यास मुलाची राखीव जागा जाते. वंशावळ देणाऱ्या भाऊबंदाचे काही जात नाही.

यास्तव प्रत्येक नावापुढे विचारा : हे कोणी सांगितले, केव्हा, कशावरून? मग शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद व वतनाचे कागद यांच्याशी ते ताडून पाहा. न जुळणारे नाव निर्भयपणे वगळा. केवळ ऐकीव व परंपरागत म्हणून काही मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. भावकीच्या कागदालाही हीच कसोटी लावली पाहिजे.