सांता रोझा बेट बाराही महिने सगळ्यांचं राहू द्या

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या समस्त मराठी मंडळींना,

फेब्रुवारी २००७

तिळगूळ वाटून झाला, आता पाडव्याच्या कार्यक्रमाच्या तालमी सुरू होतील. त्या गडबडीत आपण दहा मिनिटं काढून एक पत्र लिहावं, एवढ्यासाठी हे आवाहन आहे. पत्र आपल्या लोकप्रतिनिधीला लिहायचं आहे आणि विषय आहे सांता रोझा बेट.

गेल्या वर्षी, १७ ऑक्टोबर २००६ रोजी, राष्ट्राध्यक्ष बुश यांनी संरक्षण खात्याच्या वार्षिक कायद्यावर सही केली. सैनिकांचे पगार, शस्त्रखरेदी, तळांची देखभाल असा तो जाडजूड गठ्ठा. त्यात कुठेतरी आत एक चिमुकलं कलम घुसवलेलं आहे. सांता रोझा बेटावरची हरणं आणि एल्क सरकारने नामशेष करू नयेत, जवळजवळ नामशेषही करू नयेत, असं ते म्हणतं. वाचणाऱ्याला वाटावं, काय ही भूतदया! प्रत्यक्षात ही हरणं जगवायची आहेत ती त्यांच्यावर गोळ्या झाडता याव्यात म्हणून. कलमाचे कर्ते, सॅन डिएगोकडचे प्रतिनिधी आणि तेव्हाचे सैन्यदल समितीचे अध्यक्ष डंकन हंटर यांनी हेतू कधी लपवला नाही. जखमी आणि अपंग झालेल्या माजी सैनिकांसाठी या बेटावर शिकारीची राखीव जागा असावी, ही त्यांची कल्पना. बेट राष्ट्रीय उद्यानात आहे आणि उद्यानं सांभाळतं अंतर्गत खातं. त्याचा निर्णय संरक्षणाच्या कायद्यात कशाला, याचं समाधानकारक उत्तर मात्र अजून मिळालेलं नाही.

ज्यांनी बेट पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. १९८० साली चॅनल आयलंड्स राष्ट्रीय उद्यान झालं, त्यातल्या पाच बेटांपैकी हे एक. आकार सुमारे ५३ हजार एकर. व्हेंचुराच्या बंदरातून बोटीने अडीच-तीन तास लागतात. कॅमारिलोहून छोट्या विमानाने अर्ध्या तासाच्या आत पोचता येतं. तंबू ठोकायची जागा वॉटर कॅन्यनमध्ये आहे आणि तिथे प्रत्येक तंबूसाठी लाकडी आडोसा उभारलेला आहे, कारण वारा इतका बेफाम की आडोशाशिवाय तंबू टिकत नाही. किनाऱ्यालगतच्या उतारावर टॉरी पाइनची दुर्मिळ झाडं आहेत. १९५९ साली इथे मानवी हाडं सापडली, ती सुमारे तेरा हजार वर्षांपूर्वीची ठरली. १९९४ साली बुटक्या मॅमथचा जवळजवळ अखंड सांगाडा मिळाला. चुमाश लोकांच्या कित्येक पिढ्या इथे नांदल्या.

आणि हरणं, एल्क? ती इथली नाहीत. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत पशुपालकांनी ती मुख्य भूमीवरून आणून सोडली. बेटावर व्हेल आणि व्हिकर्स कंपनीची गुरं चरत होती. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मोठ्या शिंगांच्या शिकारीचा धंदाही सुरू झाला. हौशी मंडळी त्यासाठी हजारो डॉलर मोजतात.

१९८६ साली सरकारने सुमारे तीन कोटी डॉलर देऊन हे बेट कंपनीकडून विकत घेतलं. पैसे जनतेचे. मूळ मालकांना पुढची पंचवीस वर्षं घराची थोडी जागा वापरायची मुभा मिळाली, गुरं आणि शिकार परवान्याने चालू राहिली. पुढे ओढ्यांची आणि झाडोऱ्याची दुर्दशा पाहून नॅशनल पार्क्स कॉन्झर्व्हेशन असोसिएशन कोर्टात गेली. १९९८ साली तडजोड झाली: गुरं त्याच वर्षी हलवायची, हरणं आणि एल्क टप्प्याटप्प्याने कमी करत २०११ अखेर पूर्ण काढायचे. गुरं गेली. उरलेला अर्धा शब्द पाळायची वेळ जवळ आली आणि हे कलम उपटलं. एखाद्याने फ्लॅट विकला, पूर्ण रक्कम खिशात घातली, ‘पंचवीस वर्षं मागची खोली वापरू द्या’ म्हणाला, आपणही हो म्हटलं. आणि मुदत संपत आल्यावर तिसराच कोणी येऊन सोसायटीच्या सभेत ठराव करून घेतो की त्या खोलीतलं सामान हलवायला मनाई आहे. इथे नेमकं हेच चाललंय.

शिकारीचं राखीव रान म्हणजे वाईटच, असं मी म्हणणार नाही. कोल्हापूरकडच्या मंडळींना ठाऊक आहे की दाजीपूरचं जंगल संस्थानच्या शिकारीसाठी राखलेलं होतं म्हणून तर ते टिकलं, आणि पुढे तिथे अभयारण्य झालं. पण दाजीपूरचे गवे दाजीपूरचेच होते. त्या रानाने त्यांना हजारो वर्षं पोसलं होतं आणि त्यांच्यामागे वाघही होता. सांता रोझावर हरणांना खाणारा एकही मोठा प्राणी नाही. आज दोन्ही मिळून हजारभर जनावरं आहेत. ती ठेवायची तर दरवर्षी मारावी लागणार, नाहीतर संख्या फुगून बेट उघडं पडणार. म्हणजे ‘मारू नका’ म्हणणाऱ्या या कलमाचा व्यवहारातला अर्थ एकच निघतो: मारत राहा, कायम.

आणि मारायचं तर माणसांना दूर ठेवावं लागतं. शिकारीच्या हंगामात, उन्हाळ्याच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत, बेटाचा बहुतेक भाग इतरांना बंद असतो. वर्षातले चार-पाच महिने! त्यात सप्टेंबर-ऑक्टोबर येतात, म्हणजे हवा सर्वांत चांगली असते ते दिवस. आपल्याच पैशाने घेतलेल्या उद्यानात आपल्यालाच मज्जाव.

एक जीव मात्र अस्सल बेटाचा आहे: बेटावरचा कोल्हा, घरातल्या मांजराएवढा. १९९४ च्या सुमारास सांता रोझावर हे कोल्हे हजाराहून जास्त होते. २००० साली पंधरा उरले. फक्त पंधरा. कारणांची साखळी लांब आहे. लॉस एंजेलिसच्या किनाऱ्याजवळ समुद्रात सोडलेल्या डीडीटीमुळे पांढऱ्या डोक्याचे गरुड, म्हणजे डॉलरच्या नोटेवरचे, या बेटांवरून नाहीसे झाले. ते मासे खात, कोल्ह्यांच्या वाटेला जात नसत. उलट परक्या गरुडांना हुसकावून लावत. त्यांची जागा रिकामी झाल्यावर मुख्य भूमीवरून सोनेरी गरुड आले. शेजारच्या सांता क्रूझवर रानडुकरांची पिल्लं आणि इथे हरणांची पाडसं नि मेलेली जनावरं, असं आयतं खाद्य मिळाल्यामुळे ते ठाण मांडून बसले आणि जाता-येता कोल्हे उचलू लागले. शेवटी उरलेले कोल्हे पिंजऱ्यात घालून त्यांची पैदास करावी लागली, आणि २००३ पासून त्यांना परत मोकळं सोडायला सुरुवात झाली. २००४ साली कोल्ह्याचं नाव संघराज्याच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेलं. गेल्याच वसंतात सांता क्रूझवर पांढऱ्या डोक्याच्या गरुडाचं पिल्लू घरट्यात नैसर्गिकरीत्या जन्मलं, अर्ध्या शतकाहून अधिक काळानंतर पहिल्यांदाच. घडी आत्ता कुठे बसू लागली आहे. अशा वेळी सोनेरी गरुडांचा खानावळवाला कायमचा नेमायचा का, एवढाच प्रश्न आहे.

आता मुद्दा सैनिकांचा. तो टाळून चालणार नाही. युद्ध सुरू आहे, मुलं हात-पाय गमावून परत येताहेत, आणि त्यांच्यासाठी काही करू म्हणणाऱ्या माणसाला विरोध करताना जीभ अडखळते. पण पॅरालाइज्ड व्हेटरन्स ऑफ अमेरिका या माजी सैनिकांच्याच संघटनेने गेल्या वर्षी बेटाची पाहणी केली आणि कळवलं की ही योजना व्यवहार्य नाही. येणं-जाणं, सोयी, सुरक्षितता, खर्च, सगळ्यातच अडचणी. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला तीन तास लाटांवरून नेऊन त्या वाऱ्यात, चढ-उताराच्या कच्च्या वाटांवर उतरवायचं? ज्यांच्यासाठी म्हणून हा घाट घातला तेच नको म्हणत असतील, तर घाट कुणासाठी? शिकारच करायची तर लॉस पाद्रेसच्या राष्ट्रीय वनात परवाना काढून हरणाची शिकार करता येते, कॅम्प पेंडलटनच्या लष्करी तळावरही करता येते. तिथे गाडी जाते, आणि जवळ रुग्णालयही असतं.

हेलिकॉप्टरमधून हरणांचा संहार होणार, असंही पसरवलं जात आहे. पण हे प्राणी खाजगी मालकीचे आहेत आणि २०११ पर्यंत ते काढायची जबाबदारी मालकांनी तडजोडीत पत्करली आहे. त्यासाठी त्यांना तेरा वर्षं मिळाली होती. घाईचा आरोप करायला जागाच नाही.

तेव्हा मंडळी, पत्र लिहा. सेनेटर डायॅन फाइनस्टाइन आणि बार्बरा बॉक्सर दोघीही या कलमाच्या विरोधात आहेत, किनारपट्टीच्या प्रतिनिधी लोइस कॅप्सही आहेत. त्यांना पाठिंब्याचं पत्र जाऊ द्याच. थाउजंड ओक्स, सिमी व्हॅली आणि कॅमारिलोच्या मंडळींचे प्रतिनिधी एल्टन गॅलेग्ली आहेत. त्यांच्याकडे आपली पत्रं जाणं जास्त गरजेचं, कारण ते हंटर यांच्याच पक्षाचे आहेत. पक्षाचा मुद्दा पत्रात आणू नका. १९८६ ची खरेदी, १९९८ ची तडजोड आणि माजी सैनिकांच्या संघटनेचा नकार एवढं लिहा आणि कलम रद्द करा अशी स्पष्ट मागणी करा. छापील मजकुरावर नुसती सही करण्यापेक्षा आपल्या शब्दांतल्या चार ओळी जास्त वजनदार ठरतात. मुलं शाळेत कॅलिफोर्नियाचा इतिहास शिकत असतील तर त्यांनाही लिहू द्या.

‘आम्ही एच-वन व्हिसावर, आमचं कोण ऐकणार?’ असं म्हणू नका. मत देता येत नसलं तरी पत्र लिहिता येतं. या भागात आपण राहतो, कर भरतो आणि त्या उद्यानात जातो, एवढं पुरेसं आहे.

वॉशिंग्टनला टपालाने पत्र पाठवलंत तर २००१ च्या अँथ्रॅक्सच्या पत्रांनंतर सुरू झालेल्या तपासणीत ते बरेच दिवस अडकतं. म्हणून फॅक्स करा, नाहीतर प्रतिनिधीच्या इथल्या कार्यालयात नेऊन द्या. पाडव्याच्या कार्यक्रमात दाराशी एक टेबल असेल. कागद, पाकिटं आणि सगळ्या कार्यालयांचे पत्ते तिथे मिळतील. पण त्याची वाट पाहू नका. शक्य असेल त्यांनी पत्र याच आठवड्यात पाठवावं, ही कळकळीची विनंती.

आपला,
व्हेंचुरा काउंटीतील एक मराठी रहिवासी