आकडा उचलण्याआधी

केंद्रीय विद्युत प्राधिकरण देशातल्या औष्णिक केंद्रांची वीजनिर्मिती आणि कोळशाचा साठा यांचे अहवाल रोज जाहीर करते. २०२१ च्या कोळसाटंचाईत ते अनेकांनी रोज चाळले. त्यातली, समजा, खापरखेडा केंद्राची ओळ शोधायची आणि हवे तेवढे आकडे काढायचे, याला पर्ल या संगणकभाषेतल्या दोन-चार ओळी पुरतात. वाद आहे तो त्या कशा लिहाव्यात याचा.

लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये पर्ल आणली तीच मुळी मजकुरातून माहिती वेचून अहवाल करण्यासाठी. सगळ्यात सोपी वाट स्प्लिटची. नाव जुळले की ओळ मोकळ्या जागांवर तोडायची आणि हवा तो तुकडा घ्यायचा. आकडा एकदाच हवा असेल आणि ओळ डोळ्यांसमोर असेल, तर याहून जास्त खटाटोप ही निव्वळ हौस. पण केंद्राच्या नावातच मोकळी जागा असते. त्यात एखादा रकाना कोरा राहिला की पुढचे सगळे आकडे एक घर डावीकडे सरकतात आणि पर्ल हूं की चूं करत नाही. चुकीचा आकडा दिसायला बरोबरच दिसतो, खरी पंचाईत ती.

ओळ ठरावीक रुंदीवर कापणाऱ्या अनपॅकमध्ये कोरा रकाना कोराच राहतो. मात्र अहवालाच्या पीडीएफमधून काढलेल्या मजकुरात रकान्यांच्या जागा हलत असतात, तिथे हा उपाय टिकत नाही.

उरला रेगेक्स, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन. यात ओळीचा पूर्ण साचा लिहून हवे ते भाग कंसात पकडायचे. पर्लच्या २००७ मधल्या ५.१० आवृत्तीपासून त्या भागांना नावेही देता येतात. साचा किचकट होतो, सहा महिन्यांनी लिहिणाऱ्यालाच उलगडत नाही, हा आक्षेप खोटा नाही. शिवाय जुळणी फसली तरी आधी पकडलेले तुकडे पुसले जात नाहीत. जुळले की नाही हे न तपासता ते वापरले, तर चंद्रपूर केंद्राचा आकडा खापरखेड्याच्या नावावर चढू शकतो.

तरीही रोजच्या कामासाठी आमचा कौल रेगेक्सलाच आहे. अट एवढीच की ओळ जुळली नाही तर स्क्रिप्टने तसे सांगून थांबावे. इंग्रजीत खापरखेड्याची स्पेलिंगे दोन चालतात, साच्यात दोन्ही हवीत. खापरखेड्यात २१० मेगावॉटचे चार आणि ५०० चा एक संच आहे, म्हणजे क्षमता १,३४०. क्षमतेच्या रकान्यात हा आकडा आला नाही तर ओळ बाजूला ठेवावी. त्याच्या पुढचा रकाना कोरा असेल तर मात्र ही खूण कामाची नाही, तिथे रकाने मोजावेच लागतात. आणि अहवाल एक्सेलमध्ये मिळत असेल, तर पीडीएफच्या नादी लागूच नये.